बालीची रात्र कुट्यातून केव्हाच उठली : डीलर टूर आखणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
बियाणे, खत व कीटकनाशक कंपन्यांचे विक्री अधिकारी,
आणि त्यांच्यासाठी बालीची सहल आखणारे जळगाव, धुळे, नंदुरबारचे टूरवाले

महोदय,

सप्रेम नमस्कार.

आम्हा कृषी सेवा केंद्रवाल्यांसाठी कंपन्यांनी काढलेल्या यंदाच्या विक्री स्कीमचा बालीचा कार्यक्रम हाती आला. चार रात्री, पाच दिवस. चारही रात्री मुक्काम कुट्यात, आणि कारण छापलं आहे ‘बालीच्या नाइटलाइफच्या मध्यभागी’. दुसऱ्या दिवशी रात्री दहाला बसने ‘बीच क्लब’. तिसऱ्या दिवशी उलुवातूचं केचक नृत्य, जिम्बारानला जेवण आणि तिथून ‘चांगू नाइट’. चौथ्या रात्री ‘पुरुष मंडळींसाठी क्लब, महिलांना हॉटेलवर मोकळा वेळ’. असा कार्यक्रम मुकाट्याने मान्य करणं आम्हाला शक्य नाही. पत्र उघडपणे लिहितो आहोत, कारण हाच कागद थोड्याफार फरकाने रावेरपासून शहाद्यापर्यंत दुकानादुकानांत फिरतो आहे आणि त्यावर सही करणाऱ्या प्रत्येकाला हे आधी कळायला हवं.

स्कीमची टूर ही भेट नाही. हंगामाआधी आम्ही माल उचलतो, त्याचे पैसे मुदतीत भरतो आणि गावातली उधारी कापूस विकला जाईपर्यंत डोक्यावर वागवतो. त्या उचलीचे पॉइंट होतात, पॉइंटांची टूर होते. टूर नको असेल तर क्रेडिट नोट, म्हणजे तेवढी रक्कम खात्यावर जमा, मिळते, म्हणजे पैसा आमच्याच मार्जिनमधला आहे. त्यात १ जुलै २०२२ पासून आयकर कायद्याचं कलम १९४आर लागू झालं. वर्षात वीस हजारांवरच्या अशा लाभावर दहा टक्के टीडीएस कापतात आणि टूरची किंमत आमच्या उत्पन्नात धरली जाते. ज्याच्यावर आम्ही कर भरतो ते कागदावर लिहिल्यासारखं असलं पाहिजे.

आता मुद्द्यावर येतो. तुमच्या कागदावरची बाली पंधरा-वीस वर्षांपूर्वीची आहे.

कुटा एके काळी खरोखरच रात्रीचं केंद्र होतं. १९७० च्या दशकात मच्छीमारांच्या या गावात सर्फिंगवाले येऊ लागले, खानावळी निघाल्या, मग लेगियन रस्त्यावर बारची रांग लागली. १२ ऑक्टोबर २००२ च्या रात्री त्याच रस्त्यावर पॅडीज पब आणि सारी क्लब इथे बॉम्बस्फोट झाले. २०२ माणसं गेली. १ ऑक्टोबर २००५ ला कुटा आणि जिम्बारानच्या उपाहारगृहांत पुन्हा स्फोट झाले. त्यानंतर पर्यटक परत आले, पण जास्त खर्च करणारा माणूस उत्तरेला सरकत राहिला. सेमिन्याकला २००० सालीच ‘कू दे ता’ हा बीच क्लब सुरू झाला होता. पुढे पेतितेंगेतच्या बाजूला जुन्या लाकडी खिडक्यांच्या झडपा रचून उभा केलेला ‘पोटॅटो हेड’ हा क्लब आला. जेवण, संगीत आणि समुद्र एकाच जागी, बसायला गादी, बिल मोठं. कुट्यातल्या स्वस्त दारूच्या बादल्यांना कंटाळलेला, तिशी ओलांडलेला पाहुणा तिकडे वळला.

सेमिन्याकच्या जागा महागल्यावर नंबर चांगूचा लागला. काळी वाळू, भातखाचरं, स्वस्त भाडं. आधी सर्फिंगवाले, मग लॅपटॉपवर काम करत महिनोन्महिने राहणारे परदेशी. २०२० ची साथ आली तेव्हा कुटा ग्रुप टूरवर जगत होतं. ग्रुप थांबले आणि शटरं खाली आली. चांगूत लांब मुक्कामाची माणसं होती, त्यामुळे तिथल्या चुली पेटत्या राहिल्या, आणि पर्यटन उघडल्यावर नवा पैसाही तिथेच ओतला गेला. चांगूलगतच्या बेरावाचा ॲटलस हा अवाढव्य बीच क्लब २०२२ चा. आता चांगूही दाटलं आहे. काही गर्दी पुढे पेरेरेनानला, काही अगदी दक्षिणेला उलुवातूच्या कड्यावर चालली आहे. ही सगळी ठिकाणं एकाच बादुंग जिल्ह्यात आहेत आणि त्याच पाहुण्यासाठी एकमेकांशी झगडत आहेत. हे चित्र दर दोन-तीन वर्षांनी बदलतं, कार्यक्रमपत्रिका मात्र जुन्याच फाइलमधून निघते.

कुट्याला आम्ही नावं ठेवत नाही. विमानतळ चार-पाच किलोमीटरवर, हॉटेल स्वस्त, मॉल आणि किनारा पायी, शाकाहारी भारतीय जेवण कुटा-तुबान-लेगियन पट्ट्यात सहज मिळतं. जैन जेवण लागणाऱ्यांना किंवा दहाला झोपणाऱ्यांना कुटा उत्तम. बारही तिथे अजून आहेत, पहाटेपर्यंत चालतात, तरुण गर्दीला आवडतात. आमचा आक्षेप एवढाच की स्वस्त म्हणून निवडलेली जागा ‘नाइटलाइफच्या मध्यभागी’ म्हणून विकू नका.

आणि ‘कुटा’ म्हणजे नेमकं कुठलं? कागदावर कुटा लिहून हॉटेल तुबानला किंवा बायपासला दिलं जातं. तिथून किनारा पायी गाठता येईलच असं नाही. उलट पत्त्यात ‘कुटा उतारा’, म्हणजे उत्तर कुटा, असेल तर ते बहुधा चांगूकडचं. ‘कुटा सेलातान’ म्हणजे नुसा दुआ, जिम्बारान, उलुवातूची दक्षिण बाजू. तीन तालुके, तिघांच्या नावात कुटा, आणि उत्तरेच्या टोकापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत जायला संध्याकाळी दोन तासही पुरत नाहीत. म्हणून हॉटेलच्या नावासोबत रस्त्याचं नाव आणि नकाशावरचा ठिपका द्या.

सगळ्यात मोठी चूक घड्याळाची आहे, आणि ती कुणाच्याच लक्षात आलेली दिसत नाही. रात्र नुसती एका गावातून दुसऱ्या गावात गेली नाही, तिची वेळही बदलली. लेगियनच्या काळात रात्र बाराला सुरू व्हायची. सेमिन्याकचे बंदिस्त क्लब आजही मध्यरात्रीनंतरच भरतात. पण चांगूचे बीच क्लब दुपारी भरायला लागतात. त्यांचा ऐन रंग सूर्यास्ताला असतो, आणि बाली विषुववृत्ताजवळ असल्याने सूर्य वर्षभर सहा ते पावणेसातच्या दरम्यान मावळतो. चारला आत, साडेसहाला सूर्यास्त, मग संगीत, आणि अकराच्या सुमारास पांगापांग. तुम्ही रात्री दहाला बस सोडता. ती सव्वाअकराला पोचते, तेव्हा लोक बाहेर पडत असतात. वरातीमागून घोडं. आत जाऊन एक पेय घ्यायचं, फोटो काढायचा, परत बस.

बालीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, याचाही विचार कार्यक्रमात नाही. तिथे सकाळी सातला नाश्त्याला उठवता, तेव्हा आपल्या शरीरात पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. जळगाव किंवा भुसावळहून रात्रीच्या गाडीने मुंबई, तिथे तीन तास आधी हजेरी, मग सात-आठ तासांचं विमान. पहिल्या दिवशी माणूस शुद्धीवर नसतो. त्या दिवशी संध्याकाळी काहीही ठेवू नका.

तिसऱ्या दिवसाचा हिशेब मांडून दाखवतो. उलुवातूचं केचक संध्याकाळी सहाला, साधारण तासाभराचं. हजारभर लोक एकाच वेळी एका पार्किंगमधून निघतात, म्हणजे बस हलायला साडेसात. जिम्बारान बारा-तेरा किलोमीटर, सव्वाआठ. वाळूवरच्या टेबलांवर जेवण येऊन संपायला साडेनऊ-दहा, आणि मासे न खाणाऱ्यांपुढे भात, शेंगदाणे, कांगकुंगची भाजी. तिथून चांगू वीस किलोमीटरच्या पुढे, वाटेत विमानतळ, कुटा आणि सेमिन्याकची सगळी कोंडी. ही ‘चांगू नाइट’ कागदावरच होते. केचक आणि जिम्बारान दक्षिणेला, चांगू उत्तरेला. चांगूशी जोडायचं तर तानाह लोत जोडा. हे समुद्रातलं देऊळ चांगूपासून दहा-बारा किलोमीटरवर, त्याच दिशेला आहे. दुपारी दोनला तानाह लोत, साडेचारला तिथून निघायचं, सूर्यास्ताला बीच क्लब, नऊला परत. ही एक अदलाबदल केली तरी अर्धी तक्रार मिटेल.

बसचंही तसंच. पंचेचाळीस आसनी बस मोठ्या रस्त्याला ठीक. चांगूतल्या बातू बोलोंगच्या गल्ल्यांत ती शिरत नाही, आणि बेरावाच्या मोठ्या क्लबांना पार्किंग असलं तरी तिथवरचा रस्ता दोन गाड्यांना अवघड आहे. भातखाचरांमधून जाणारा चांगूचा ‘शॉर्टकट’ जेमतेम एका मोटारीच्या रुंदीचा, दोन्ही कडांना खोल चिखल. तिथे स्कूटरी आणि मोटारी खाचरात उतरणं नेहमीचंच. चाळीस जणांसाठी बारा-चौदा आसनी हायएस व्हॅन तीन-चार घ्याव्या लागतात. खर्च वाढतो, मान्य. पण बस मोठ्या रस्त्याला उभी करून चाळीस माणसं, त्यात साडी नेसलेल्या आणि गुडघे दुखणाऱ्या बायका, फुटपाथ नसलेल्या रस्त्यावरून स्कूटरींच्या गर्दीत किलोमीटरभर चालवणं याला नियोजन म्हणता येत नाही. परतीला ॲपवरून गाडी मागवावी, तर काही भागांत स्थानिक चालकांनी ॲपच्या गाड्यांना प्रवाशी उचलायला मनाई केली आहे आणि तशा पाट्या लावल्या आहेत. हे आधी सांगितलं तर माणूस रात्री बाराला गल्लीत उभा राहून फोन हलवत बसत नाही.

खर्चाबद्दल कागदावर ‘क्लब प्रवेश समाविष्ट’ एवढंच आहे. बीच क्लबच्या गादीला किमान खर्चाची अट असते. रक्कम गादीमागे, माणसामागे नव्हे, आणि तेवढं खाल्लं-प्यायलं नाही तर उरलेलं परत मिळत नाही. मेन्यूवरच्या किमतीपुढे दोन अधिक चिन्हं असतात, त्यांचा अर्थ कर आणि सेवाशुल्क वेगळं. ते मिळून पंधरा ते एकवीस टक्के होतं. एक रुपयाला साधारण १८०-१९० रुपिया, म्हणजे दहा लाख रुपियाचं बिल आपले सव्वापाच-साडेपाच हजार. एवढे शून्य पाहून माणूस गोंधळतो. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, म्हणून घरून आणलेले चिवडा-शेवेचे डबे गेटवरच राहतात. आत शाकाहारी काय मिळेल ते आधी विचारून ठेवा. ऑन अरायव्हल व्हिसाचे पाच लाख रुपिया आणि १४ फेब्रुवारी २०२४ पासून सुरू झालेला दीड लाख रुपियाचा पर्यटक कर टूरच्या किमतीत आहे की नाही, तेही कागदावर नाही.

पैसे बदलण्याबद्दल गाइडने बसमध्ये बोलायलाच हवं. कुटा-लेगियनच्या गल्ल्यांत कपड्याच्या किंवा शोभेच्या वस्तूंच्या दुकानात मागे एक टेबल असतं आणि बाहेर फळ्यावर बाजारापेक्षा चढा भाव. तो माणूस छोट्या नोटांचे गठ्ठे टेबलावर मांडतो, तुम्हाला मोजायला देतो, हिशेब बरोबर येतो. मग गठ्ठे एकत्र करून कडा सारख्या करायला तो ते टेबलावर ठोकतो आणि त्याच हालचालीत काही नोटा स्वतःच्या बाजूला खाली सोडतो. शेवटचा हात तुमचाच हवा. मोजून झाल्यावर नोटा परत त्याच्या हातात द्यायच्या नाहीत. त्यापेक्षा बँकेचं एटीएम किंवा ‘पीव्हीए बेरिझिन’ असं अधिकृत चिन्ह असलेलं काचेचं दुकान बरं. टॅक्सीचंही तेच : ब्लू बर्डच्या आकाशी रंगाची नक्कल करणाऱ्या गाड्या फिरतात, काचेवरचं नाव वाचून मगच बसावं.

दारूबद्दल स्पष्टच लिहितो. इंडोनेशियात कायदेशीर वय २१ आहे, आणि आमच्यापैकी काहींसोबत कॉलेजातली मुलं येतात. कर जास्त असल्याने आयात दारू महाग पडते आणि स्वस्त कॉकटेलमध्ये अराक ही स्थानिक गावठी दारू ढकलली जाते. मेथॅनॉल मिसळलेल्या अराकने बालीत माणसं दगावली आहेत, त्यात परदेशीही होते. हातभट्टीचे बळी आपल्या भागाला नवे नाहीत, त्यामुळे धोका वेगळा समजावून द्यायला नको. फक्त एवढं बसमध्ये सांगा : सीलबंद बाटली समोर उघडून घ्या, बादलीतलं काही घेऊ नका, आणि दुसऱ्या दिवशी नजर अंधूक झाली, पोट दुखलं, श्वास जड झाला तर दारू उतरेल म्हणून झोपू देऊ नका, थेट रुग्णालयात न्या. अमली पदार्थांना तिथे मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे. लेगियनवर कानाशी येऊन कुजबुजणाऱ्याला थांबून उत्तरही देऊ नये.

तारखांचं. खरिपाचा हिशेब मिटला की डिसेंबर-जानेवारीत टूर काढायची तुमची पद्धत आहे. तो बालीचा पावसाळा. पश्चिमेच्या वाऱ्याने समुद्रातलं प्लॅस्टिक आणि ओंडके नेमके कुटा, लेगियन, जिम्बारानच्या वाळूवर येऊन पडतात. प्रवाह ओढतो, तापी-गिरणेत पोहणाऱ्यालाही तो झेपत नाही. लाल बावटा असेल तर पाण्यात उतरायचं नाही. त्यात नववर्षाची कोंडी. मार्चमध्ये नेणार असाल तर पाडवा बघून तारीख धरा. बालीचं शक वर्ष आणि आपलं शालिवाहन शक एकच. त्यांचा न्येपी, म्हणजे नववर्षाचा मौनदिन, पाडव्याच्या आगेमागे येतो. २०२६ ला दोन्ही १९ मार्चला, दोन्हीकडे शके १९४८. न्येपीला सकाळी सहापासून चोवीस तास विमानतळ बंद, रस्ते बंद, दिवे मंद, पाहुण्यालाही हॉटेलबाहेर पडायला मनाई. आदल्या संध्याकाळी मिरवणुकांमुळे रस्ते अडतात. आदराने पाळण्यासारखा दिवस आहे, पण पाच दिवसांच्या टूरमधला एक दिवस त्यात जाणार हे पैसे भरण्याआधी सांगा.

चौथ्या रात्रीच्या त्या ओळीबद्दल आम्हाला मनापासून राग आहे. दुकानाची वसुली, गोडाऊनची चावी, शेतकऱ्याचा चहा हे घरच्या बाईने सांभाळलं म्हणून टार्गेट पूर्ण होतं. तिच्यासाठी ‘हॉटेलवर मोकळा वेळ’? बीच क्लबमध्ये संध्याकाळी कुटुंबं असतात, लहान मुलं असतात. लाज वाटावी असं तिथे काही नाही. सगळ्यांची संध्याकाळ एकत्र ठेवा. ज्याला त्यानंतर सेमिन्याकला जायचं असेल तो स्वतःच्या खर्चाने जाईल.

आणखी एक गोष्ट, जी विक्रीच्या कागदावर कधी येत नाही. चांगूची रात्र ज्या जमिनीवर उभी आहे ती भाताची आहे. खाचरं बुजवून व्हिला झाले, पाटाच्या चाऱ्या अडल्या, पाऊस पडला की रस्त्यावर पाणी. तिथले रहिवासी रात्रीच्या आवाजाविरुद्ध तक्रारी करत आले आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये बेरावा किनाऱ्यावर पुजाऱ्यांचा विधी चालू असताना मागच्या क्लबने आतषबाजी केली, त्यावर बालीभर संताप उसळला. त्याच वर्षी दक्षिण बालीत नवी हॉटेलं, व्हिला आणि क्लब थांबवण्याचा इरादा इंडोनेशिया सरकारने जाहीर केला. आपला धंदा शेतीवर आहे. त्या गावात बसमधून स्पीकर वाजवत शिरायचं नाही, देवळापाशी कमरेला कापड गुंडाळायचं, रस्त्यावर ठेवलेल्या फुलांच्या नैवेद्यावर पाय द्यायचा नाही, हे गाइडने आम्हालाही बजावून सांगावं.

आणि एक सकाळ जातिलुविहला द्या. तबानान जिल्ह्यातली ती भाताची पायऱ्यापायऱ्यांची शेती, तिथली ‘सुबाक’ पाणीवाटप पद्धत २०१२ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. देवळाशी जोडलेली शेतकऱ्यांची मंडळं वरच्या खाचरापासून खालच्यापर्यंत पाण्याच्या पाळ्या ठरवतात. पांझरेकाठचे पाटपाण्याचे फड आणि पाटकरी माहीत असलेल्या खानदेशी माणसाला तिथे दोन तास कमी पडतील. कुट्यातल्या चौथ्या रात्रीपेक्षा आम्हाला ते हवं आहे.

आमच्या मागण्या :

१. कार्यक्रमावर हॉटेलचा रस्ता आणि नकाशावरचं ठिकाण छापा. ‘कुटा परिसर’ चालणार नाही.

२. मुक्काम दोन ठिकाणी विभागा, दोन रात्री कुटा किंवा लेगियन, दोन सेमिन्याक. किंवा दोन पर्याय द्या आणि किमतीतला फरक स्पष्ट लिहा. फरक भरायला तयार असलेले बरेच आहेत.

३. बीच क्लब सूर्यास्ताआधीपासून रात्री नऊपर्यंत, तानाह लोतच्या दिवशी. केचकच्या दिवशी जिम्बारानपुढे काही नको.

४. चांगूसाठी हायएस. परतीची गाडी दारातून, ठरलेल्या वेळी.

५. प्रवेश, किमान खर्च, कर, व्हिसा, पर्यटक कर यांतलं काय समाविष्ट आणि काय नाही, ते मराठीत, आकड्यांसह.

६. महिलांना वगळणारा कोणताही कार्यक्रम नको.

७. टीडीएससाठी धरलेलं टूरचं मूल्य आणि प्रत्यक्ष बुकिंगचं बिल डीलरला दाखवा.

८. कार्यक्रम छापण्याआधी, तीन महिन्यांच्या आत बालीला जाऊन आलेल्या माणसाकडून तो तपासून घ्या.

विमानाच्या तिकिटांची आगाऊ रक्कम भरण्याआधी सुधारलेला कार्यक्रम मिळावा. तोवर यादीत आमची नावं पक्की धरू नयेत. ज्यांना बदल करायचा नसेल त्यांनी आमच्या पॉइंटांची क्रेडिट नोट काढावी.

आपले,
जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील काही कृषी सेवा केंद्रचालक